लोकल की ओरिजिनल? वालचंदांना विचारा

बाइक गॅरेजात लावलीत की मेकॅनिक एक प्रश्न हमखास विचारतो. ओरिजिनल टाकू की लोकल चालेल? मालगुंडात विचारतो, रत्नागिरीत विचारतो आणि शिकायला पुण्याला गेलात तर तिथेही विचारतो. आपण आधी खिशाकडे बघतो आणि मग डब्याकडे. डब्यावर जपानी नाव दिसलं की जीव भांड्यात पडतो, चिनी दिसलं की शंका येते. आणि डब्यावर काहीच छापलेलं नसेल तर मेकॅनिकच्या चेहऱ्याकडे बघायचं, दुसरा इलाज नसतो. म्हणजे आपण देशाचं नाव वाचून लोखंडाची परीक्षा करतो.

ही परीक्षा किती फसवी आहे, याचं एक उदाहरण तुम्हाला माहीत असायला हवं. ताकाता ही जपानी कंपनी. तिच्या एअरबॅग जगभरातल्या नामांकित गाड्यांमध्ये बसवल्या जायच्या. त्यांच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. वर्षानुवर्षं उष्ण आणि दमट हवेत राहिलं की ते बिघडायचं, मग अपघातात एअरबॅग फुगताना धातूची डबी फुटायची आणि तिचे तुकडे चालकाच्याच अंगात घुसायचे. माणसं मेली. मोटारींच्या इतिहासातला सगळ्यात मोठा रिकॉल झाला, भारतातल्या गाड्याही परत बोलावल्या गेल्या आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. उष्ण आणि दमट! कोकणात राहणाऱ्या माणसाने हे दोन शब्द नीट वाचावेत.

तर बाहेरून आलेल्या सुट्या भागांवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न काही आजचा नाही. ऐंशीएक वर्षांपूर्वी एका सोलापूरच्या माणसाने या प्रश्नाशी आयुष्याची शेवटची १५ वर्षं झोंबी घेतली. त्याचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे, कदाचित अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर प्रेफरन्स म्हणून लिहिलंसुद्धा आहे. सांगलीचं वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. ते कॉलेज १९४७ मध्ये सुरू झालं आणि १९५५ मध्ये त्याला वालचंद हिराचंद यांचं नाव मिळालं. गंमत बघा, तिथून दरवर्षी पोरं इंजिनिअर होऊन बाहेर पडतात, पण हा माणूस स्वतः इंजिनिअर नव्हता. साधा पदवीधरही नव्हता.

आमच्या मालगुंडचं नाव निघालं की लोकांना केशवसुत आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण आज विषय गाड्यांचा आहे, तेव्हा कवीला बाजूला ठेवून एका व्यापाऱ्याची गोष्ट.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं गुजराती, दिगंबर जैन, पण पिढ्यांपासून महाराष्ट्रात रुजलेलं. वडील हिराचंद नेमचंद कापसाचा आणि सावकारीचा व्यवसाय करायचे. आई वालचंद अगदी तान्हे असतानाच गेली. शाळा सोलापुरात झाली, मग मुंबईचं सेंट झेवियर्स, पुण्याचं डेक्कन कॉलेज. शिक्षण मात्र अर्ध्यावर सुटलं आणि ते घरच्या पेढीवर बसले. तिथे त्यांचा जीव रमला नाही. व्याज मोजत बसायचं हे त्यांच्या स्वभावात नव्हतंच. ज्वारीच्या व्यापारात हात घातला तर तोटा झाला.

मग भेटले लक्ष्मणराव फाटक. फाटक रेल्वेत कारकून होते, नोकरी सोडून ठेकेदारीत उतरू पाहत होते. कामाची माहिती फाटकांकडे होती, भांडवल आणि धाडस वालचंदांकडे. फाटक-वालचंद अशी भागीदारी झाली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामावर सुरुवात झाली. एकाच्या डोक्यातलं काम आणि दुसऱ्याच्या गल्ल्यातले पैसे, याला आज आपण स्टार्टअप म्हणतो आणि वर टी-शर्ट छापतो.

ठेकेदारीतून ते वाढत गेले. भोर घाटातले रेल्वेचे बोगदे, मुंबईला पाणी देणाऱ्या तानसाच्या नळवाहिन्या, अशी कामं त्यांच्या कंपन्यांनी केली. मुंबई-पुणे ट्रेनमध्ये बोगदा आला की मोबाइलची रेंज जाते म्हणून आपण वैतागतो, तो डोंगर कुणीतरी फोडलेला असतो हे लक्षातही येत नाही. १९२६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या बांधकाम कंपनीला पुढे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी म्हणून देश ओळखू लागला. साखर कारखान्यांतही ते उतरले. नाशिक जिल्ह्यातलं रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातलं कळंब, जे आज वालचंदनगर म्हणून नकाशावर आहे. लहानपणी खाल्लेली रावळगावची चॉकलेटं आठवत असतील, तर त्यांचा उगमही इथलाच.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने जहाजाची गोष्ट जास्त महत्त्वाची.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ग्वाल्हेरच्या महाराजांकडे एक जहाज होतं, ‘लॉयल्टी’. युद्धात ते इस्पितळ-जहाज म्हणून वापरलं होतं आणि आता ते विकायचं होतं. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी वगैरे मुंबईच्या बड्या व्यापाऱ्यांना गाठलं, जहाज घेतलं आणि त्यातूनच १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडकडे निघालं, तेव्हा वालचंद स्वतः जहाजावर होते. दरवर्षी ५ एप्रिलला जो राष्ट्रीय सागरी दिन असतो, तो याच प्रवासाचा.

इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या भाषणात येते. पुढची येत नाही. लॉयल्टी हे जहाज नवं नव्हतं. ते १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये बांधलेलं, कॅनडाच्या कंपनीसाठी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने वर्षानुवर्षं प्रशांत महासागरात चाललेलं. म्हणजे सिंदियाने घेतलं तेव्हा ते २८ वर्षांचं होतं. सेकंडहँडसुद्धा नाही, त्याच्याही पुढचं. अशा जहाजाचं व्यापाराचं गणित जमणं अवघडच होतं आणि ते जमलं नाहीच. १९२३ मध्ये ते मोडीत निघालं.

मला वाटतं, वालचंदांच्या डोक्यात काहीतरी पक्कं झालं असेल तर ते या जहाजावर. नवीन जहाज हवं तर ब्रिटिश गोदीकडे जायचं, आणि समुद्रात स्पर्धा करायची ती त्याच ब्रिटिश कंपन्यांशी. झालंही तसंच. ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडी इतकी पाडली की सिंदियाला तग धरणं मुश्किल व्हावं. कंपनी विकून टाका असा प्रस्तावही आला. वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकायला नकार दिला आणि शेवटी तडजोडीचा करार करून जीव वाचवला. पुढे दिवस पालटले. कोकण किनाऱ्यावर आगबोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीसुद्धा सिंदियाच्या ताब्यात आली. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना जयगडच्या, रत्नागिरीच्या बोटीबद्दल विचारा, ते तासभर बोलतील.

आता मोटारीकडे वळू.

१९२८ च्या अखेरीस जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. फोर्डही मागोमाग आली. ‘जोडायला’ हा शब्द लक्षात ठेवा. गाडी तयार व्हायची परदेशात, मग तिचे भाग सुटे करून लाकडी पेटाऱ्यांत भरायचे, जहाजाने मुंबईला आणायचे आणि इथे नटबोल्ट आवळून पुन्हा गाडी करायची. कामगार आपले, घाम आपला, पण गाडीतला एक गिअरसुद्धा आपला नाही. एखादा भाग मोडला तर बोटीची वाट बघा. आणि ते भाग बनवलेले असायचे तिकडच्या रस्त्यांचा विचार करून. आपले तेव्हाचे रस्ते म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या. ट्रकच्या पाट्यांचं काय होत असेल ते एस.टी.तून रोज कॉलेजला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

भारतातच मोटार बनवावी ही कल्पना मांडणारे वालचंद पहिले नव्हते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात त्यासाठी योजना तयार केली होती, सत्तरी ओलांडलेल्या वयात युरोप-अमेरिकेचे कारखाने फिरून पाहिले होते. त्यांच्याकडे आराखडा होता. वालचंदांकडे तो उचलून धरणारा हट्ट होता. मुंबई प्रांतात १९३७ मध्ये काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, बाळासाहेब खेर प्रमुख झाले आणि योजनेला पाठिंबा मिळाला. पण १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि सगळं पुन्हा दिल्लीच्या हातात गेलं.

वालचंद थांबले नाहीत. १९३९ मध्ये ते अमेरिकेत गेले. तिथल्या बड्या मोटार कंपन्यांकडे त्यांची मागणी साधी होती. तुमचं नाव आणि तुमचं तंत्र द्या, आम्ही भारतात तुमच्या गाडीचे भाग बनवू. फोर्डशी जमलं नाही. जमेल कसं? फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोघींचीही इथे जुळणीची दुकानं व्यवस्थित चालली होती. पेटारे विकून पैसे मिळत असताना शिकवणी कोण घेणार? शेवटी क्रायस्लर तयार झाली आणि १९४० मध्ये करार झाला.

त्याच अमेरिका दौऱ्यातून परतताना, प्रशांत महासागरावरून जाणाऱ्या विमानात त्यांना विल्यम पॉली नावाचा अमेरिकी माणूस भेटला. पॉली चीनमध्ये विमानं बनवायच्या धंद्यात होता. तुमच्या-माझ्यासारख्याने विमानात शेजाऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या असत्या. वालचंदांनी त्या ओळखीतून विमानाचा कारखाना काढला. म्हैसूर संस्थान भागीदार झालं आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४१ मध्ये तिथे जोडलेलं पहिलं हार्लो जातीचं प्रशिक्षण विमान उडालंसुद्धा. आज एच.ए.एल. म्हणून आपण जिला ओळखतो, ती हीच. मात्र १९४२ मध्ये जपान दाराशी आल्यावर सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि वालचंद त्यातून बाहेर पडले. त्याच काळात, जून १९४१ मध्ये, विशाखापट्टणमला सिंदियाच्या जहाजबांधणी गोदीची पायाभरणी राजेंद्र प्रसादांच्या हस्ते झाली. लॉयल्टीचा धडा असा २२ वर्षांनी उत्तरपत्रिकेत उतरला.

विमानाला युद्धात गरज होती म्हणून परवानगी मिळाली. मोटारीला मिळाली नाही. युद्धासाठी ट्रक तर हजारोंनी लागत होते, पण ते बाहेरून आणायचे आणि इथे जोडायचे असं सरकारने ठरवलं. नव्या कारखान्यासाठी लागणारी यंत्रं, परकीय चलन, काहीच सुटेना. ब्रिटिश कंपन्यांचं हित जपण्यासाठी आपल्याला अडवलं जातंय, असा वालचंदांचा आरोप होता. त्यांनी पत्रकं काढली, सभांमधून बोलले, सरकारी अधिकाऱ्यांशी भांडले.

पण त्यांच्या विरोधकांचा एक मुद्दा नुसता झटकून टाकण्यासारखा नव्हता, आणि इथेच या गोष्टीचा गाभा आहे. मुद्दा असा की भारतात बनलेला भाग टिकेल का?

थोडं खोलात जाऊ. इंजिनातला पिस्टन सिलिंडरमध्ये खालीवर होतो, त्या दोघांतली फट इंचाच्या काही हजाराव्या भागाइतकी असते. जास्त झाली तर इंजिन तेल पितं, कमी झाली तर पिस्टन जाम होतो. गिअरचा दात वरून कडक लागतो, नाहीतर झिजतो, पण आतून चिवट लागतो, नाहीतर तडकतो. एकाच तुकड्यात दोन स्वभाव. आपल्या लोहारांना पोलादाला पाणी पाजणं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, कोयती धरा नाहीतर कुऱ्हाड. पण कोयती एक चांगली झाली, दुसरी जरा मऊ निघाली तर चालून जातं. मोटारीत हजारावा गिअर पहिल्या गिअरसारखाच हुबेहूब लागतो. त्यासाठी मिश्रधातूचं पोलाद हवं, भट्टीचं तापमान मोजणारी साधनं हवीत, अचूक लेथ हवेत आणि गेज हवेत. यांतलं बरंचसं १९४० मध्ये आपल्याकडे नव्हतं किंवा तुटपुंजं होतं.

म्हणजे शंका खरी होती. वालचंदांचं उत्तरही खरं होतं. पोहायला येत नाही म्हणून पाण्यात उतरू द्यायचं नाही, तर पोहायला येणार कधी? दोन्ही बाजूंनी खरं बोलणारी माणसं असली की भांडण लवकर मिटत नाही. हेही मिटलं नाही.

१९४२ मध्ये बिर्लांनी हिंदुस्थान मोटर्स स्थापन केली, त्यामुळे शर्यतही सुरू झाली. १९४४ मध्ये वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. कारखान्यासाठी मुंबईतलं कुर्ला निवडलं. युद्ध संपल्यावर यंत्रं आली आणि १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होत होता त्याच वर्षी, कुर्ल्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ ही क्रायस्लरची नावं असलेल्या गाड्या बाहेर पडू लागल्या.

टाळ्या वाजवायच्या आधी थांबा. सुरुवातीला या गाड्यासुद्धा जोडलेल्याच होत्या. पेटारे उघडा, नटबोल्ट आवळा. मग फरक काय राहिला? फरक होता तो पुढे काय करायचं यात. एकेक भाग पेटाऱ्यातून कमी करायचा आणि तो इथे बनवायचा, हा प्रीमियरचा कार्यक्रम होता. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्यात एक अशी मेख होती की कॉमर्सच्या विद्यार्थ्यांनी तर ती वहीत उतरून घ्यावी.

समजा, परदेशी कंपनी सगळे भाग भरलेला पेटारा १०० रुपयांना देते. तुम्ही म्हणालात, यातले पाटे नकोत, आम्ही इथे बनवतो. पाट्यांची किंमत बाजारात १० रुपये. तर पेटारा ९० ला मिळायला हवा ना? कंपनी म्हणते, ९५. म्हणजे सूट निम्मीच. तुम्ही इथे १० रुपयांत तितकेच चांगले पाटे बनवलेत तरी तुमची गाडी १०५ ला पडते. भाग जितके जास्त स्वदेशी, गाडी तितकी महाग. आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, पण ही पद्धत खरी होती आणि तेव्हाचे भारतीय कारखानदार तिच्याविरुद्ध तक्रार करत होते. दर्जाबद्दलची शंका वेगळी आणि शंकेच्या आडून चाललेला हा हिशोब वेगळा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. गिऱ्हाइकाला काय कळतं? त्याला एवढंच दिसतं की देशी माल असूनही गाडी महाग आहे.

१९४९ मध्ये सरकारने तयार गाड्यांच्या आयातीवर बंदी घातली. जुळणी करणाऱ्यांना मात्र अजून मोकळीक होती. वालचंदांना हवं होतं ते पुढचं पाऊल, म्हणजे इथे भाग बनवायचा कार्यक्रम ज्यांच्याकडे नाही त्यांनी धंदा बंद करावा. ते पाऊल पडेपर्यंत त्यांचं शरीर टिकलं नाही. १९४९ मध्येच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आयुष्यभर धावलेला माणूस खुर्चीला खिळला. १९५० मध्ये ते कारभारातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई शेवटपर्यंत सोबत होत्या. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमध्ये सिद्धपूरला ते गेले. वय ७०.

वालचंदांना देव्हाऱ्यात बसवायची मला घाई नाही. ते पक्के धंदेवाईक होते. ब्रिटिशांशी भांडायचे आणि त्यांच्याच रेल्वेचे, लष्कराचे ठेके घ्यायचे. हातात पैसे नसताना मोठमोठी कामं अंगावर घ्यायची आणि मग भांडवल शोधत फिरायचं, ही त्यांची सवयच होती. स्वदेशी हा त्यांचा विचार होता तसाच तो धंद्याचा डावही होता. परदेशी स्पर्धक बाहेर गेले तर फायदा कुणाचा, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही ठिकाणी त्यांनी सोपा रस्ता सोडून अवघड रस्ता धरला. पेटारे उघडून गाड्या विकल्या असत्या तरी ते श्रीमंतच राहिले असते.

ते गेले त्याच वर्षी टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांच्याकडे इथे उत्पादन करण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच धंदा करू द्यावा, असं त्यात होतं. सरकारने ते मान्य केलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. वालचंद जिंकले, पण निकाल ऐकायला नव्हते.

आणि मग जे घडलं ते त्यांना आवडलं असतं का, हा प्रश्न मला हा लेख लिहिताना सारखा पडत होता. प्रीमियरने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या फियाटशी हातमिळवणी केली होती. फियाट ५०० आली, मग ११००. वर्षागणिक जास्तीत जास्त भाग इथे बनू लागले. कुर्ल्याच्या आणि पुण्याच्या आसपास छोटे-मोठे कारखाने उभे राहिले, लेथवर पोरं तयार झाली. हा झाला फायदा. पण बाजारात स्पर्धाच उरली नाही. गाडी हवी तर नाव नोंदवा आणि वर्षानुवर्षं थांबा. नवी कोरी गाडी घरी आली की पहिल्यांदा गॅरेजात न्यायची, आवळाआवळ करून घ्यायची, असा तो काळ. तक्रारी इतक्या वाढल्या की १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारला देशी मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला समिती नेमावी लागली. शंका तीच होती, फक्त आता ती गोऱ्या साहेबाची नव्हती, आपल्याच गिऱ्हाइकाची होती. दार बंद ठेवलं की घरातला माणूस शिकतोही आणि आळसावतोही. वालचंदांनी दार बंद करायला सांगितलं होतं. ते किती दिवस बंद ठेवायचं हे सांगायला ते राहिले नाहीत, आणि नंतरच्यांना सांगायची घाई नव्हती.

दुसरी बाजूही बघा. त्याच लेथवर शिकलेल्या पिढ्यांमधून पुण्याचा, चाकणचा, नाशिकचा, औरंगाबादचा मोटार उद्योग वाढला. पुण्याच्या भारत फोर्जमध्ये घडवलेले क्रँकशाफ्ट आणि अ‍ॅक्सल आज युरोप-अमेरिकेच्या ट्रकमध्ये बसतात. म्हणजे तिकडे कुणी ट्रकवाला डबा हातात घेऊन परदेशी बनावट बघून कपाळाला आठ्या पाडत असेल, तर तो डबा पुण्याहून गेलेला असू शकतो.

मग तुम्ही गॅरेजात उभे असाल तेव्हा करायचं काय? वालचंदांच्या चरित्रातून थेट उत्तर मिळत नाही, पण प्रश्न कसा विचारायचा ते मिळतं. कुठल्या देशाचा, यापेक्षा कुणी तपासलाय हे विचारा. गाडी बनवणाऱ्या कंपनीने मान्य केलेला आहे का? भाग क्रमांक तोच आहे का? बिल मिळेल का? बिल म्हटल्यावर दुकानदाराचा आवाज बदलला तर डब्यावर टोकियो लिहिलेलं असो की तैवान, ठेवून द्या. ‘लोकल’ या शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आपण कोंबल्यात. एक, मूळ कंपनीला माल देणाऱ्याच एखाद्या भारतीय कारखान्याने स्वतःच्या नावाने विकलेला चांगला भाग. दुसरी, कुणाचं तरी नाव चोरून छापलेला बनावट भाग. पहिला घ्यायला काहीच हरकत नाही, पैसेही वाचतात. दुसरा ब्रेकमध्ये बसवून निवळीचा घाट उतरायचा विचार करून बघा.

प्रीमियरच्या गाडीचं पुढे काय झालं, ते मुंबईला मामाकडे गेलेल्या प्रत्येक कोकणी पोराने पाहिलेलं आहे. १९७४ पासून तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात तिने मुंबई अक्षरशः वाहून नेली. इटलीतल्या मूळ गाडीचं उत्पादन केव्हाच थांबलं होतं, इथे मात्र ती २००० सालापर्यंत बनत राहिली, पूर्ण देशी भागांवर. दुरुस्ती इतकी सोपी की रस्त्याकडेला टॅक्सीवालाच बॉनेट उघडून उभा राहायचा. कुर्ल्यातला कारखाना गेला, त्या परिसरात आता कोहिनूर सिटी आहे, जवळच्या रस्त्याला लोक अजून प्रीमियर रोड म्हणतात. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची मुदत असते, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली.